अर्धा डेसिबल

मंगळवारी मल्खाझ आला. खर्ज त्याचा.
टोपी न काढता गायला, चहा नको म्हणाला,
जाताना दारात विचारलं, बाद्री कधी येतोय?
म्हणजे तेव्हा या रस्त्यानं जायला नको.

बाद्री गुरुवारी. मधला आवाज.
हेडफोनमध्ये भावाचा खर्ज दिला तर म्हणाला, कमी कर.
अजून कमी.
मुंगीएवढा उरला तेव्हा गायला लागला
आणि डोळे मिटून त्या मुंगीच्याच मागे गेला.

धाकटा नुग्झार पोलंडात ट्रक चालवतो.
त्याची तान फोनवर आली,
ग्दान्स्कबाहेरच्या थांब्यावर, काचा वर करून गायलेली.
खाली सतत घरघर.
मागे गोठवलेले मासे होते म्हणे.

भांडण अक्रोडाच्या चार झाडांचं.

तिबिलिसीतल्या या तळघरात पूर्वी दोऱ्याची रिळं भरायचे.
इथे मी एकतीस वर्षं आहे.
त्याआधी रेडिओवर. भाषणांतले खोकले ब्लेडनं कापायची नोकरी.
एका मंत्र्याचे सगळे खोकले मी डबीत साठवले होते;
एकापुढे एक चिकटवून रात्री ऐकायचो,
आवाज बारीक, हसणं त्याहून बारीक.
वाख्तांग तिथलाच. तो सांगायचा,
फेडर असा सरकव, जसा झोपलेल्या पोराच्या मानेखालून
हात काढतेस.
आणि काम चांगलं झालं तर कुणाला कळणार नाही की झालं,
म्हणून बिल वेळेवर पाठव.

तीनशे हर्ट्झच्या आसपास दोघे थोरले
एकमेकांचा बांध कोरतात.
एकाचं थोडं काढलं, मग दुसऱ्याचंही तितकंच.
माशांची घरघर काढायला दीड दिवस गेला.
कानांत तेल घालून ऐकलं,
गाडीत ऐकलं, स्वयंपाकघरातल्या फुटक्या रेडिओवर ऐकलं.
सूर जुळलेले, ताल जुळलेला,
आणि तरी तीन माणसं तीन खोल्यांत,
मधली दारं बंद.

रविवारी गाडी काढली. गुरिया, पाच तास.
त्यांच्या आईची मद्याची कोठी,
रांजण गळ्यापर्यंत मातीत पुरलेले, रिकामे.
किल्ली शेजारच्या एतेरीकडे.
माझ्या हातात दोन मायक्रोफोन आणि सहा लाल फुगे बघून
तिनं विचारलं, वाढदिवस कुणाचा?

फुगा फोडला.
कोठीनं तो भिंतींवरून, रांजणांच्या तोंडांवरून
फिरवून परत दिला.
सव्वा सेकंद.
तीन पोरं इथे गात असतील तेव्हाही एवढाच असणार.
उरलेले फुगे एतेरीच्या नातीला दिले
आणि तो सव्वा सेकंद घेऊन परत निघाले.

मग तिघांना त्यात उभं केलं.
खर्ज दाराशी, मधला त्याच्या डाव्या हाताला,
धाकटा उंच, कशावर तरी चढल्यासारखा.
एका हातानं पाव खात होते. तो हात थांबला.

पाठवलं.
नुग्झारनं नुसता अंगठा पाठवला.
बाद्रीचा फोन आला:
तिसऱ्या कडव्याआधी मल्खाझ श्वास घेतो तो एवढा मोठा का?
डॉक्टरकडे जातो का तो?
मला काय माहीत, म्हटलं, तू विचार.
त्यानं फोन ठेवला.

मल्खाझचा रात्री अकराला.
बाद्री फार जवळ उभा आहे, म्हणाला.
खांद्याला लागतो. मागे कर त्याला.
किती?
अर्धा डेसिबल.
हा शब्द त्यानं कुठून तरी उचलला होता.

माझ्या टेबलावर एक बटण आहे, कशालाच न जोडलेलं.
वाख्तांग मागे ठेवून गेला, अशाच रात्रींसाठी.
ते फिरवलं, खुर्ची थोडी करकरू दिली,
आणि तेच गाणं त्याला पुन्हा ऐकवलं.

संपल्यावरही बराच वेळ तो काही बोलला नाही.
हं, म्हणाला. आता ठीक.
राहू दे तिथेच.